दाजींची बाकडी

आमच्या घरातल्या पोळपाटाला खालून एक हिरवा ठिपका आहे. कुकरच्या कानाला आहे, खुर्चीच्या पायाला आहे, लेकीच्या सायकलच्या घंटीलाही आहे. न्हाणीघराच्या कडीला मात्र लाल आहे. ती कडी आजतागायत एकदाही अडकलेली नाही, पण नवा पाहुणा आत जाता जाता तो लाल ठिपका बघतो आणि हळूच विचारतो, "ही लागते ना? आणि... उघडते ना?"

हे सगळे ठिपके दाजींचे.

दाजी म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. साडूला दुसरं काय म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी केलेला माल तपासायचा. चांगला निघाला तर हिरवा ठिपका, टाकाऊ निघाला तर लाल. आणि मापात किंचित इकडंतिकडं आहे पण फेकवत नाही, असा निघाला तर पिवळा. या पिवळ्याला कारखान्याच्या भाषेत 'डेव्हिएशनवर पास' म्हणत. दाजी रिटायर झाले, शाल-नारळ मिळाला, आणि रंगाच्या तीन डब्या कुणी न देताच त्यांच्यासोबत घरी आल्या. कारखाना सुटला आणि नातेवाइकांची पाळी आली.

माझी पाळी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. मुलगी बघायला मी देवगाव रंगारीला गेलो, सासऱ्यांच्या ओसरीवर पोहे खात बसलो. थोरले जावई म्हणून दाजींच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी हात धुवायच्या निमित्तानं मला उभं केलं, एक डोळा मिटला, आणि सळई सरळ आहे का बघावी तसं डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मग आत गेले. आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये इतकी जाड भिंत अजून कुठल्या ओसरीला झालेली नाही.

"कसा काय वाटला पोरगा?" सासऱ्यांनी विचारलं.

"जॉब वाईट नाय," दाजी म्हणाले. कारखान्यात तपासायला हातात येईल त्या वस्तूला जॉब म्हणतात. "खांद्यात जरा वाकडाय. पण बसंल. डेव्हिएशनवर पास करा."

हळदीच्या दिवशी माझ्या गालाला पहिलं बोट लागलं तेव्हा ते गर्दीतून पुढं वाकून समाधानानं म्हणाले, "हां! बसला पिवळा ठिपका." संसार एवढा जुना झाला, पण आमच्या भांडणात बायकोचं शेवटचं वाक्य अजून तेच आहे: "दाजींनी तेव्हाच सांगितलं होतं."

कटिंग झाली की दाजी खिशातली स्टीलची पट्टी काढून दोन्ही कल्ले मोजत. न्हावी त्यांना लांबून बघितलं की "आज सुट्टी" म्हणायचा, खुर्चीत अर्धं गिऱ्हाईक असताना. डॉक्टरनं दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला की दाजी आधी विचारत, "ह्या मशीनचं कॅलिब्रेशन कवा झालं?" मग डॉक्टरचंच प्रेशर वाढे. आणि अक्कांची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, भाकरी तव्यावरून उतरली की ती उजेडाकडं धरून बघितल्याशिवाय तुकडा मोडत नसत.

"मधी पातळ, कडंला जाड."

"मग मधली खा. कड मी खाते," अक्का मागं न बघता म्हणायच्या.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात येत नसे, अक्कांच्या मात्र रोज येई. दाजींनी स्वतः आयुष्यात काहीच बनवलेलं नव्हतं. त्यांच्या हॉलमध्ये आमच्या सासूबाईंचा फोटो कित्येक वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभा होता. खिळा ठोकायला आलेला एकही सुतार कसोटीला उतरला नव्हता, आणि स्वतः ठोकणं तत्त्वात बसत नव्हतं. "बनवणाऱ्यानं बनवावं, बघणाऱ्यानं बघावं," हे ते तत्त्व.

"लोकाच्या कामाला लाल टिकली लावायला काय लागतंय," अक्का म्हणायच्या. "सोता एक कायतरी करून दावा. मग मी बघते, त्याला कोणता रंग लावायचा ते."

ही धमकी होती. दाजींनी ती ऑर्डर समजून जपून ठेवली.

एकदा ते भंगारबाजारात स्टीलचे पाइप बघायला गेले आणि पिकअपमधून एक लांबडी, फायबरची, दोन्ही टोकांना निमुळती वस्तू घेऊन आले. हमाल म्हणून मी सोबत होतो, त्यामुळं भंगारवाल्याचं निवेदन मी माझ्या कानांनी ऐकलं.

"साब, धरन के किनारे वो होटल बंद पडा ना, वहाँ का माल है. परदा भी है साथ में, डंडा भी है. पंचर-बिंचर कुछ नहीं, कसम से."

"हे आहे काय?" मी दाजींना विचारलं.

"कयाक. शिडाची छोटी होडी. मी सगळीकून बघितली पाव्हणं, जॉबमधी खोट नाय." आणि खरंच तिच्या नाकावर ताजा हिरवा ठिपका होता. भंगारातल्या वस्तूला दाजींनी हिरवा लावलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता, त्यानंतरही नाही.

आता आमच्या शहरात नळाला पाणी येतं त्या दिवसाला 'पाण्याचा दिवस' म्हणतात. सणासारखा दिवस. त्या दिवशी माणूस बारशाला आला नाही तर कुणी विचारत नाही, आणि आला तर त्याच्या घरी बोअर आहे असं समजतात. अशा शहरात, सिडकोतल्या एका गच्चीवर, दोरानं बांधून होडी चढवली. गल्लीला बरेच दिवस पुरेल एवढी करमणूक झाली. "काका, महापूर कधीचा धरलाय?" असं समोरच्या बाल्कनीतून रोज विचारणं व्हायचं.

अक्कांनी विनोद केला नाही. त्या वर गेल्या, विटांवर ठेवलेल्या होडीभोवती एक फेरी मारली, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी नळी गच्चीवर नेऊन ती काठोकाठ भरून घेतली. पुढचं पाणी येईपर्यंत धुणंभांडी त्यातच झाली. मला वाटलं दाजी भडकतील. ते रोज सकाळी वाकून होडीच्या बुडाला खालून हात लावून बघायचे. शेवटी म्हणाले, "लीक टेस्ट पास. एवढी लांब टेस्ट कंपनीतबी झाली नसती."

पण कयाकमध्ये बसायचं म्हणजे तळाशी पाय लांब करून बसायचं. अक्कांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. देवपूजेलाही त्या स्टुलावर बसत. एकदा त्या गहू निवडत असताना दाजींनी हळूच विषय काढला, "आपण दोघं जाऊ की एकदा धरणावर."

"त्या गव्हाणीत खाली बसले तर मला उठवायला क्रेन आणावी लागंल. माणसावानी बसायला जागा करा, मग बघू."

दाजींनी त्यातलं 'मग बघू' गाळलं आणि कामाला लागले.

माणसासारखी जागा म्हणजे काय, याचा विचार करता करता त्यांना गंगापूरच्या जीपा आठवल्या. मागच्या भागात दोन्ही कडांना समोरासमोर लांब बाकडी, मध्ये पाय, आणि सगळ्यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले. "हेच पायजे," दाजी म्हणाले. "कडंला बाकडं, पाय मधी. गुडघ्याला तरास नाय." आणि एका सकाळी मला घेऊन ते मापं काढायला गंगापूरच्या जीपमध्ये चढले.

बाकड्याची उंची सहज मिळाली. रुंदी मिळेना, कारण माप माणसं बसलेली असताना घ्यायचं असा दाजींचा हट्ट, आणि चौघांच्या जागेवर बसलेली माणसं बघता टेप घालायला फट नव्हती. त्यांनी एका आजीच्या पाठीमागून ती हळूच सरकवली.

"अगं बया! काय घालतोय ह्यो पाठीत?"

"बाई, नुसती टेप हाय. तुम्ही बसा निवांत."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "काका, सीट मोजायले का मान्सं?"

"सीट."

"मग मोजा. मान्सं मोजू नका. पुढं नाक्यावर साहेब उभे असतेत, ते मोजतेत."

परतताना जीप जरा रिकामी होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. दाजी बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मला वाटलं पुन्हा खांदा बघताहेत.

"पाव्हणं, आमच्या लग्नापासून मोटरसायकल. ही मागं, एका अंगाला पाय सोडून. दवाखाना, बाजार, पोराची शाळा, सगळं त्याच्यावरच. कायबी बोलायचं म्हणलं की मान वळवावी लागायची. अन् मान वळवली की ही ओरडायची, 'अहो, समोर बघा!'" त्यांनी टेप खिशात घातली. "प्रवासात मी हिचं तोंड कवा बघितलंच नाय. आरशात दिसायचा तो निस्ता पदर. म्हणून म्हणलं, बाकडी करायची तर समोरासमोर."

मी मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली. दाजींच्या शेजारी एकानं मांडीवर बोकड घेतला होता, तोही गंभीर झाला.

मग गच्चीवर काम सुरू झालं आणि मी एक अजब प्रकार बघितला. बघणारा माणूस बनवायला बसला होता. होडीवर आडवे ॲल्युमिनियमचे पाइप, त्यांच्यावर दोन्ही कडांना वॉटरप्रूफ प्लायच्या फळ्या, फळ्यांवर फोम, फोमवर काळं रेक्झिन, आणि धरायला जीपसारखी एक दांडी, असा बेत होता. सकाळी दाजी बनियनवर कामाला बसत. दुपारी झोप झाली की शर्ट घालून, खिशात पट्टी खोचून, चष्मा लावून इन्स्पेक्शनला वर येत. या सकाळच्या दाजींचं आणि दुपारच्या दाजींचं जमेना.

"कोणी केलंय हे?" दुपारचे दाजी फळीला पट्टी लावून म्हणत.

"केसाएवढा तर फरक हाय," सकाळचे दाजी गयावया करत. एकच माणूस, दोन आवाज. मी जिन्यात उभा राहून ऐकलेलं आहे.

"केसाएवढा असो का बोटाएवढा. रेषा ती रेषा." आणि लाल ठिपका.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दाजी रुसून कामावर येत नसत. खालून अक्का हाक मारायच्या, "दोघंबी जेवायला या!"

नापास झालेल्या फळ्या गल्लीत पसरल्या. कुणाच्या चपलांच्या मांडणीला, कुणाच्या तुळशीच्या कुंडीखाली, सगळीकडं लाल ठिपका. अशात पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. अक्कांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तिकडं ठरलं होतं, संक्रांत झाली की निघायचं. "आणि मग तुम्ही दोघं इकडंच राहा," मुलगा म्हणाला. दाजी त्या संध्याकाळी गच्चीवर गेले आणि बनियन-शर्ट काही न बघता उरलेल्या फळ्या ठोकून मोकळे झाले. आता लाल लावायला वेळ नव्हता.

गंगापूरकडं आमच्या एका पाहुण्यांचं शेत आहे, धरणाचं पाणी फुगलं की त्याच्या बांधाला लागतं. तिथं ट्रायल ठरली. अक्कांच्या जागी मी.

"तुमचं अन् हिचं वजन सारखंय," दाजी म्हणाले.

"कशावरून?"

"तुम्ही बसले की आमचा सोफा तेवढाच दबतो."

अंगात फुगीर जाकिटं घातली, शीड उभं केलं आणि समोरासमोर बसलो. बाकडी खरंच सुरेख झाली होती. गुडघे एकमेकांत अडकले, हाताला दांडी आली, मला सवयीनं पिशवी मांडीवर घ्यावीशी वाटली. वारा नव्हता तोवर दाजींचा चेहरा सत्यनारायणाला बसल्यासारखा होता.

मग वारा आला. शीड फुगलं आणि होडी माझ्या बाजूला कलायला लागली.

"पाव्हणं, इकडं या! माझ्या बाकड्यावर!"

आता यात माझी चूक किती ते तुम्हीच ठरवा. माझा जन्म जीपच्या रस्त्यावरचा. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मी माणूस. गाडी कितीही कलली तरी एकदा मिळालेली जागा सोडायची नाही, दांडी घट्ट धरायची आणि पाय रोवायचे, हे माझ्या हाडात बसलेलं. मी दांडी धरली, पाय रोवले आणि ओरडलो, "बसलोय मी! नीट बसलोय! तुम्ही काळजी करू नका!"

बसल्या जागी मी पाण्यात गेलो. माझ्यावर दाजी, दाजींवर शीड. पाणी कमरेएवढंच होतं, चिखल मात्र ऐसपैस होता. काठावर एक बाई म्हशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ओ पाव्हणं, म्हशी धुवायची जागा पलीकडं हाय."

काठावर आल्यावर दाजींनी होडी ओढून घेतली. पिशवीतली लाल डबी काढली, दोन्ही बाकडी उलटी केली, आणि खालून एकेक ठिपका लावला.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

"तुमचा दोष नाय. बनवणाऱ्याचा हाय. जीपमधी माणूस जागा सोडत नाय, अन् होडीत सोडल्याबिगर चालत नाय. हे बनवणाऱ्याला कळाया पायजे व्हतं."

होडी गच्चीवर ताडपत्रीखाली गेली. त्यानंतर दाजींनी तपासणं सोडलं. न्हाव्याकडून आले, कल्ले मोजले नाहीत. एका दुपारी मी सहज डोकावलो तर अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"भाऊजी, आज करपलेली भाकरी वाढली. मुद्दाम. गप खाल्ली हो ह्यांनी." त्यांनी तवा उगाच पुसला. "लोकाचं रिजेक्ट करताना ह्यांला कवा झोप गेली नाय. सोताचं केलं तर जेवण गेलं. तुम्ही सांगा त्यांला, मी येणार हाय म्हणावं. पुण्याला जायच्या आत. ह्या रविवारी."

"पण अक्का, उलटली ती होडी. मी होतो तिच्यात."

"तुम्ही व्हता म्हणून उलटली असंल. म्हणलंय ना, कोणता रंग लावायचा ते मी बघते."

निरोप दिला. दाजी उठले, शर्ट काढून ठेवला आणि बनियनवर गच्चीत गेले. "वाऱ्याचा भरवसा नाय," ते मला म्हणाले, "माणसाचा तर त्याहून नाय. माणूस हलला नाय तरी उलटली नाय पायजे. बाकड्याखाली तरंगणारं कायतरी बांधावं लागंल." काय बांधलं ते त्यांनी सांगितलं नाही. दोन्ही बाकड्यांना खालपर्यंत रेक्झिनची झालर लावली आणि झालर उचलू दिली नाही.

रविवारी सकाळी पिकअप दारात उभी, होडी वर चढलेली, आणि गल्लीत बातमी आली की कुठंतरी पाइप फुटल्यामुळं हुकलेलं कालचं पाणी आज येणार. अक्कांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी नाय येत."

"अगं, तिथं धरणभर पाणी हाय!"

"ते तिथं. मला घरात पायजे."

 दाजींचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना. आणि मग दाजी, अक्का, माझी बायको, पिकअपवाला, सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. डेव्हिएशनवर पास झालेला माणूस अशाच वेळेसाठी राखून ठेवलेला असतो.

"मी भरतो पाणी," मी म्हणालो.

"आधी निळे ड्रम भरा," अक्का लगेच म्हणाल्या, "मग टाकी, मग हंडे. नळी मधीच सोडू नका." मग आतून हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि कुंकवाचं बोट बाकड्याकडं नेलं.

दाजी ओरडले, "कुंकू नको! लाल ठिपका म्हंजे रिजेक्ट!"

"मग काय हिरवं कुंकू आणू?"

"निस्ती हळद लाव."

"हळद पिवळी असती. पिवळं म्हंजे काय, ते म्हाईत हाय ना?"

समोरची बाल्कनी पोट धरून हसत होती. दाजींनी बाकड्यावरची धूळ बाहीनं पुसली. "लाव," म्हणाले. होडीची पूजा नुसत्या हळदीवर झाली. माझी बायकोही काठावर थांबायला त्यांच्यासोबत गेली आणि मी त्यांच्या घरात नळाकडं बघत बसलो.

दुपार कलता कलता नळानं खाकरून हवा सोडली आणि पाणी आलं. मी नळी जोडली आणि निळे ड्रम आणायला गेलो. न्हाणीघरात नव्हते. जिन्याखाली नव्हते. गच्चीवर नव्हते. नळी हातात, पाणी चालू, आणि ड्रमांचा पत्ता नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊजी, पाणी आलं का?"

मागं वाऱ्याचा आवाज होता, शिडाची फडफड होती. अक्का धरणाच्या पाण्यावरून बोलत होत्या.

"आलं अक्का! पण निळे ड्रम सापडेनात. भरू कशात?"

थोडा वेळ नुसता वारा. मग रेक्झिन वर केल्याची चरचर. मग अक्का, माझ्याशी नव्हे:

"अहो, हे माझे ड्रम हायेत का?"

लांबून दाजी म्हणाले, "तरंगायला कायतरी पायजे व्हतं."

"पाण्याच्या दिवशी? माझे ड्रम? रिकामे?"

"रिकामेच तरंगतेत की!"

पुढं काय बोलणं झालं ते शिडाच्या आवाजात बुडालं. फडफड वाढली. "अहो, कलायली! तुमच्या बाजूला कलायली! मी उठू का?" अक्का ओरडल्या. इकडं माझ्या हातातली नळी उडाली. मला माझा चिखल आठवला.

"तू नको उठू! तुझे गुडघे नीट ठिव. मीच येतो तिकडं."

पाइप करकरले. "सरक," दाजींचा आवाज आला. "सरकलेय की, अजून कुठं सरकू?" मग धप्प असं काहीतरी झालं आणि एकदम शांत. होडी सरळ झाली असावी. पुढचं बोलणं ऐकू आलं तेव्हा दोघांचेही आवाज फोनच्या अगदी जवळून येत होते, सारख्याच अंतरावरून.

"समोरासमोर बसायचं ऱ्हायलंच," दाजी म्हणाले.

"काय समोरासमोर?"

"काय नाय. ठीक बसलीयेस ना?"

 पाणी होडीला चापट्या मारत होतं. मी फोन ठेवायला हवा होता, पण माझ्यासारख्या माणसाच्या हातात एकदा आलेली जागा... ते आधीच सांगितलंय.

"अहो," बऱ्याच वेळानं अक्कांचा आवाज आला, "असं काय बघायलेत माझ्याकडं? समोर बघा!"

फोन बंद झाला. माझ्या चपलांवरून पाणी गल्लीत गेलं होतं आणि समोरच्या बाल्कनीतून त्याबद्दल जे बोललं जात होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी ती तिघं परतली. अक्कांची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा उन्हानं तांबूस. आत आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. मी हंडे भरले होते, पातेली, कुकर, पिठाचा डबा रिकामा करून तोही. त्यांनी सगळ्यावर एक नजर फिरवली.

"चालंल," म्हणाल्या. मग दाजींना, "बाकडी आणा. अन् पिवळी डबी."

दाजींनी बाकडी उलटी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली. स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, सासूबाईंच्या फोटोशेजारी, दोन्ही हात मागं बांधून. ओसरीवर मला उभं केलं होतं तेव्हा मी अगदी असाच दिसत असणार. अक्कांनी पट्टी मागितली, उगाचच मापं घेतली, एक डोळा मिटून कड बघितली. मग बोट पिवळ्या रंगात बुडवून दोन्ही लाल ठिपक्यांवर फिरवलं.

"मधी बरंय. कडंला जरा टोचतंय," त्या म्हणाल्या. "डेव्हिएशनवर पास."

त्या रात्री दाजींनी पहिली भाकरी ताटात पडताच उजेडाकडं धरली.

संक्रांतीनंतर ती दोघं पुण्याला गेली. गुडघे बरे झाले. होडी पाहुण्यांच्या शेतात आहे आणि तिच्यात बोकडाचा पाला टाकतात असं कळलं. सासूबाईंचा फोटो पुण्याला गेला तो भिंतीवर, दाजींनी स्वतः खिळा ठोकून. किंचित वाकडा आहे म्हणे. बाकड्यांपैकी एक आमच्याकडं आलं. ते मी नळाजवळ ठेवलंय. पाण्याच्या दिवशी त्याच्यावर बसून मी नळी धरतो. परवा धुताना उलटं केलं तर खालचा पिवळा ठिपका तसाच होता, कडेनं थोडा लाल दिसत होता.

बाकडं सरळ केलं, नळी चालू ठेवून त्याच्यावर बसलो आणि दाजींना फोन केला. "दाजी, नंतर तरी एक हिरवा लावायचा होता की. तुमच्या हातचं एवढं एकच काम."

"नको पाव्हणं," दाजी म्हणाले. "हिरवा लागला की माल गाडीत चढतो अन् गेटाच्या बाहेर जातो. परत कोण बघतंय त्याला? पिवळा माल कारखान्यातल्या आपल्याच शॉपमधी वापरतेत. तो घरीच ऱ्हातो."

 फोन ठेवून मी बायकोला सगळं सांगितलं, पिवळ्या ठिपक्याचा खरा अर्थ काय तेही, आणि तिच्याकडं जरा अपेक्षेनं बघितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही बसलात नळीवर. समोर बघा."